शस्त्रबंदीचा कायदा आणि गुप्त क्रांतिसंघटनांची घडण

हिंदुस्थानातील सशस्त्र क्रांतिकार्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे जाते : क्रांतिकारकांचा आत्मत्याग, आणि इटली, आयर्लंड व रशिया येथून त्यांना लाभलेली स्फूर्ती. या दोन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि या संघटना जशा घडल्या तशाच का घडल्या, त्यांची मंडळे इतकी लहान का राहिली, आणि समोरासमोरच्या उठावाऐवजी एखाद्या अधिकाऱ्याच्या वधावर त्यांची शक्ती का एकवटली, या प्रश्नांचे पुरेसे उत्तर त्यागातून किंवा स्फूर्तीतून मिळत नाही. त्यासाठी एका अगदी व्यावहारिक अडचणीकडे वळावे लागते. ती अडचण म्हणजे शस्त्र कोठून मिळवावयाचे ही होय.

१८५७ च्या उठावानंतर प्रजेच्या निःशस्त्रीकरणाचे उपाय सरकारने योजलेच होते. त्यांना व्यापक व कायम स्वरूप दिले ते लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या १८७८ च्या अकराव्या कायद्याने. शस्त्रे बनविणे, विकणे, परदेशातून आणणे, जवळ बाळगणे व ती घेऊन फिरणे या सर्वांवर परवान्याचे बंधन आले. शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत बंदुकांबरोबर तलवारी, संगिनी, भाले व धनुष्यबाणही होते. युरोपियनांना मात्र नियमान्वये सूट मिळाली, आणि हा वर्णभेद राष्ट्रसभेतील नेमस्त धुरीणांनाही सलत असे. त्याच वर्षी लिटनने केलेला देशी वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्रांचा कायदा राहिला. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा करताना, जुन्या कायद्याचा हेतू संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, असे आपल्या उद्देशपत्रिकेत नमूद केले आहे. या मूल्यमापनात अतिशयोक्ती नाही.

कायदा झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील या कारकुनाने १८७९ च्या प्रारंभी रामोशांची टोळी उभारून पुणे भागातील गावांवर दरोडे घातले. दरोड्याचा हेतू लुटीचा नव्हता. फौज उभी करण्यास पैसा हवा होता. येथेच पुढील साठ वर्षांच्या क्रांतिकार्यातील एक दुष्टचक्र प्रथम दिसते. शस्त्रासाठी पैसा हवा, पैशासाठी दरोडा हवा, आणि दरोड्यासाठी पुन्हा शस्त्र हवे. रामोशांवर भिस्त ठेवता येत नाही असे दिसल्यावर फडके दक्षिणेकडे वळले आणि रोहिले व अरब यांची पथके उभारण्याचा विचार त्यांनी केला. ब्रिटिश कायद्याची पकड संस्थानी मुलखात तितकी घट्ट नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हालचालीतील तर्क उलगडतो. जुलै १८७९ मध्ये विजापूर जिल्ह्यात ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडन येथे बंदिवासातच निवर्तले. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, तेव्हा फौजेची कल्पना मागे पडली होती. दोनतीन विश्वासू माणसे, हाताशी असलेले एखादे हत्यार आणि एक निश्चित लक्ष्य, एवढाच तो व्यूह होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या अडचणीवर एक नवा उपाय सुचला. बंदूक विकत घ्यावी लागते, पण बाँब तयार करता येतो. त्यासाठी लागणारी द्रव्ये उद्योगधंद्यातही वापरली जातात. आणि मुख्य म्हणजे त्याची कृती कागदावर लिहून कोठेही नेता येते. मिदनापूरचे हेमचंद्र कानुनगो १९०६ मध्ये याच विद्येसाठी युरोपात गेले. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून ती संपादन करणाऱ्यांत पुढे सेनापती म्हणून विख्यात झालेले पांडुरंग महादेव बापट हेही होते. तेथून आलेल्या बाँबच्या पुस्तिकेचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. तिची एक प्रत मे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत सापडली. दुसरी, अधिक पूर्ण व पंचेचाळीस आकृत्यांची, मार्च १९०९ मध्ये नाशिकला गणेश दामोदर सावरकर यांच्या घरझडतीत मिळाली. बंगाल व महाराष्ट्र यांतील मंडळांचा परस्परसंबंध कितपत होता, यावर बरीच चर्चा झालेली आहे. तो एका संघटनेच्या शाखांचा नसून एकाच विद्येच्या दोन शिष्यांचा होता, असे मानणेच या पुराव्याशी सुसंगत ठरते.

या बदलाचे मर्म समकालीनांपैकी टिळकांच्या ‘केसरी’ने सर्वांत अचूक ओळखले. मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बाँबने केनेडी कुटुंबातील दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर सरकारने ८ जून रोजी स्फोटक द्रव्यांचा कायदा संमत केला. दुसऱ्याच दिवशी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखात केसरीने असा मुद्दा मांडला की, बंदुका कायद्याने काढून घेता येतील. बाँब ही वस्तू नसून ज्ञान आहे, व ज्ञानाला परवान्याचा कायदा लागू पडत नाही. हा अग्रलेख टिळकांवरील खटल्यात आरोपाचा विषय झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अर्थात मुझफ्फरपूरच्या घटनेतच बाँबची दुसरी बाजूही उघड झाली होती. पिस्तुलापेक्षा तो मिळविणे सोपे, पण त्याचा आघात कोणावर होईल हे फेकणाऱ्याच्या हाती नसे.

म्हणून पिस्तुलाची निकड संपली नाही. येथे इंग्लंड व हिंदुस्थान यांतील कायद्यांचा विरोध लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्यान्वये टपाल कचेरीत दहा शिलिंग भरून बंदुकीचा परवाना मिळत असे आणि तेवढ्यावर दुकानातून पिस्तूल घेता येई. मदनलाल धिंग्रा यांनी १ जुलै १९०९ रोजी कर्झन वायली यांच्यावर रोखलेले पिस्तूल लंडनच्या दुकानात असेच उघडपणे खरेदी केलेले होते. जे साम्राज्याच्या राजधानीत सहज साध्य, ते नाशिकला दुःसाध्य. आणि या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे समुद्रमार्गे जाणारी एखाद्या प्रवाशाची पेटी. फेब्रुवारी १९०९ मध्ये लंडनच्या ‘इंडिया हाऊस’मधील आचारी चतुर्भुज अमीन हा स्वदेशी निघाला, तेव्हा त्याच्या पेटीच्या दुहेरी तळात विनायक दामोदर सावरकर यांनी पाठविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. पेटी मुंबईस पोचण्यापूर्वीच गणेश सावरकर पकडले गेले होते. तरीही शस्त्रे मंडळाच्या हाती आली. त्यांपैकीच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते. कोकणातील लोकाचारांविषयी त्यांनी जमविलेली सामग्री आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. गणेश सावरकरांना जन्मठेपेपर्यंत नेणारी कारवाई त्यांच्याच हातून सुरू झाली होती. या दोन गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी नांदत होत्या, हे त्या काळाचे वास्तव होय.

पुढील घटनाक्रम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वधाहूनही अधिक बोलका आहे. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. परंतु तपास त्यांच्यापाशी थांबला नाही. पिस्तूल कोठून आले हा एकच प्रश्न धरून तो मागे मागे सरकत गेला आणि चतुर्भुज अमीनपाशी पोचला. तो माफीचा साक्षीदार झाला. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि सत्तावीस जणांना शिक्षा झाल्या. विनायक सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झाली, ८ जुलै रोजी मार्सेय बंदरात त्यांनी जहाजातून उडी घेतली, आणि त्यांना फ्रान्सच्या स्वाधीन करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असा निर्णय हेग येथील लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये दिला. जगाच्या राजकारणात गाजलेल्या या प्रकरणाचे एक मूळ त्या पेटीच्या दुहेरी तळात होते. शस्त्र ज्या मार्गाने येई त्याच मार्गाने तपास परत जाई. देशात बनलेली वा सर्रास विकली जाणारी शस्त्रे असती तर हा माग इतक्या सुलभतेने निघाला नसता.

बंगालमध्ये फ्रेंच अंमलाखालील चंद्रनगर हे शस्त्रांचे एक द्वार होते. दक्षिणेत पाँडिचेरीने क्रांतिकारकांना आश्रय दिला. तथापि सर्वांत मोठा साठा लाभला तो चक्क कलकत्त्याच्या जकात कचेरीतून. रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांच्या नावे आलेला माल सोडवून आणण्याचे काम करणारा कारकून गुप्त मंडळाशी संबंधित होता. २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्याने २०२ पेट्या सोडविल्या, १९२ वखारीत पोचविल्या, आणि उरलेल्या आणतो असे सांगून तो गेला तो परतलाच नाही. त्या दहा पेट्यांत पन्नास माउझर पिस्तुले व सेहेचाळीस हजार काडतुसे होती. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानुसार त्यांतील चव्वेचाळीस पिस्तुले जवळजवळ लगेच नऊ निरनिराळ्या गटांत वाटली गेली आणि पुढे चोपन्न दरोडे, खून वा त्यांचे प्रयत्न यांत ती वापरली गेली.

हा आकडा काळजीपूर्वक वाचला पाहिजे. पन्नास पिस्तुले म्हणजे पायदळाच्या एका तुकडीलाही अपुरी शस्त्रसामग्री. तरी तेवढ्याने एका प्रांताचे शासन काही वर्षे हैराण झाले. दुसरीकडे, एकमेकांपासून फटकून राहणारे नऊ गट एकाच साठ्यातून शस्त्रे घेतात, हे त्यांच्यातील सहकार्याचे लक्षण तितकेच त्यांच्या दारिद्र्याचेही आहे. शिवाय प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता व त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या दप्तरी होती. त्यामुळे पकडलेल्या प्रत्येक पिस्तुलाचे मूळ निश्चित करता येई.

महायुद्धाच्या काळात या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. पहिला, जर्मनीच्या साहाय्याने जहाजभर शस्त्रे आणण्याचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे आठ हजार रायफली घेऊन निघालेले ‘अॅनी लार्सन’ हे गलबत आणि त्यांचा स्वीकार करावयाचे ‘मॅव्हरिक’ हे जहाज यांची भेटच झाली नाही. शस्त्रांची वाट पाहणारे जतींद्रनाथ मुखर्जी बालासोरजवळ सप्टेंबर १९१५ मध्ये पोलिसांशी लढताना जखमी होऊन मृत्यू पावले; त्या झुंजीत त्यांच्या हाती माउझर पिस्तुलेच होती. दुसरा प्रयत्न अधिक मूलगामी होता. शस्त्र आणता येत नसेल तर ज्यांच्या हाती सरकारनेच शस्त्र दिले आहे त्यांना वळवावे, असा गदर पक्षाचा विचार होता. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे यांनी त्यासाठी उत्तरेतील छावण्या गाठल्या. फेब्रुवारी १९१५ चा नियोजित उठाव फितुरीने फसला, तरीही पिंगळे मीरतच्या घोडदळाच्या बराकीत शिरले आणि मार्चमध्ये बाँबसह पकडले गेले. करतारसिंग सराभा यांच्यासमवेत त्यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी झाली. पिंगळे हे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकण्यास गेलेले तरुण होते. सैनिकांत ते ज्या धिटाईने वावरले तिची दखल महाराष्ट्रातील चरित्रलेखनात पुरेशी घेतली गेलेली नाही.

१८ एप्रिल १९३० रोजी सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखाली चटगावच्या शस्त्रागारांवर झालेला हल्ला हा याच शोधाचा पुढचा टप्पा म्हणावा लागेल. परदेश, पेटी, कारकून असे कोणतेही मध्यस्थ न ठेवता थेट सरकारी कोठारच हस्तगत करण्याची ती योजना होती. कोठारे हाती आली, लुइस जातीच्या यंत्रबंदुकाही दिसल्या. पण त्यांचा दारूगोळा सापडला नाही. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर या तरुणांनी रायफलींनिशी झुंज दिली आणि त्यांतील बाराजण धारातीर्थी पडले.

क्रांतिकारकांना ‘व्यक्तिहत्येचे पुरस्कर्ते’ म्हणण्याचा जो प्रघात सरकारी कागदपत्रांतून इतिहासग्रंथांत शिरला आहे, तो या पार्श्वभूमीवर तपासून पाहणे अवश्य आहे. फडक्यांपासून सूर्य सेनांपर्यंत बहुतेकांचे उद्दिष्ट उठाव हेच होते. व्यक्तीचा वध ही हाती असलेल्या साधनाची मर्यादा होती. उलटपक्षी, साधनाच्या सवयीने उद्दिष्टही आकुंचित होते, हेही नाकारता येत नाही. संघटनेच्या आतील बेपर्वाई व बढाया यांविषयी हेमचंद्र कानुनगो यांनी आपल्या बंगाली आठवणींत जी कठोर टीका केली आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे.

आणखी एक सावधगिरी साधनांविषयी बाळगावी लागते. शस्त्रांच्या प्रवासाची वरील माहिती मुख्यतः खटल्यांतील साक्षी, माफीच्या साक्षीदारांचे जबाब आणि रौलट समितीचा अहवाल यांतून येते, आणि ती समिती दडपशाहीच्या नव्या कायद्यांची शिफारस करण्यासाठीच बसलेली होती. अशा दप्तरात पकडलेल्या शस्त्राची नोंद राहते. न पकडलेल्याची राहत नाही. रॉडा कंपनीच्या पन्नास पिस्तुलांपैकी एकतीस समितीच्या काळापर्यंत पोलिसांच्या हाती आली होती. उरलेली एकोणीस कोणाकोणाच्या घरी, कोणत्या आडरानात वा विहिरीत लपविली गेली, आणि ती सांभाळणारी अनाम माणसे कोण, याचा शोध कुटुंबांतील पत्रे व स्थानिक आठवणी यांच्या आधारेच घ्यावा लागेल.