मनाच्या घरीं नवा पाहुणा



आज एका चित्रपटाविषयीं बोलावयाचें आहे. परंतु संपूर्ण चित्रपटाविषयीं नव्हे, तर तो प्रकाशित होण्यापूर्वीं लोकांस दाखविलेल्या त्याच्या एका लहानशा तुकड्याविषयीं. मी जुना मॅट्रिक. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत गेलें. चित्रपटकलेंत माझा अधिकार नाहीं. तथापि त्या तुकड्यानें माझी एक जुनी चूक मला दाखवून दिली, म्हणून हा प्रपंच.

अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेनें २०१५ सालीं 'इनसाइड आउट' नांवाचा चित्रपट काढिला. त्यांत पडद्यावर नट दिसत नाहींत; सर्व सृष्टि संगणकावर रेखाटून हालती केलेली. रायली नांवाची अकरा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्को येथें राहावयास जाते, एवढेंच बाह्य कथानक. खरी कथा घडते ती तिच्या मस्तकांत. तेथें आनंद, दुःख, राग, भीति आणि किळस हीं पांच पात्रें एका कळफळ्यापुढें उभीं राहून तिचें मन चालवितात. आनंद हा त्यांचा पुढारी. तो दुःखाला सदैव बाजूस ठेवूं पाहतो. पण अखेर त्याला उमगतें कीं, मुलाचें दुःख दिसल्यावांचून मोठ्यांना त्याची हांक ऐकूंच येत नाहीं. स्वतःच्या वाढत्या मुलीच्या स्वभावांत पडलेला पालट पाहून पीट डॉक्टर या दिग्दर्शकास ही कल्पना सुचली, आणि पॉल एकमन व डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन ती त्यानें पक्की केली.

या कथेचा दुसरा भाग निघणार, हें सांगणारा एक-दोन मिनिटांचा तुकडा ९ नोव्हेंबर २०२३ रोजीं प्रसिद्ध झाला. अशा तुकड्यास टीझर म्हणतात. ट्रेलर कथेचा अंदाज देतो. टीझर केवळ उत्कंठा जागी करतो. अशा चित्रपटास एका सेकंदाला २४ चित्रें लागतात, म्हणजे मिनिटाला १४४०. तें काम वर्षानुवर्षें चालतें. त्यामुळें टीझर बाहेर पडतो तेव्हां चित्रपट बहुधा अपुराच असतो, आणि एखादाच बोलका प्रसंग निवडून पुढें करावा लागतो. आमच्या संगीत नाटकांत सूत्रधार व नटी यांचा प्रवेश जें काम करी, तेंच हें काम. पहिल्या २४ तासांत हा तुकडा पंधरा कोटींहून अधिक वेळां पाहिला गेला, असें कंपनीनें जाहीर केलें होतें.

त्यांत दाखविलें आहे तें असें. रायली आतां तेरा वर्षांची झाली आहे. तिच्या मनाच्या कचेरींत एकाएकीं धोक्याची घंटा वाजते. मजूर हातोडे घेऊन आंत शिरतात आणि भराभर मोडतोड करूं लागतात. नंतर नारिंगी रंगाची, विस्कटलेल्या केसांची एक व्यक्ति सामानसुमानासह येऊन उभी राहते. ही चिंता. ती मोठ्या अगत्यानें विचारते कीं, माझें सामान कोठें ठेवूं? या ठिकाणीं सगळे हंसतात.

आमची नात त्या वेळीं नेमकी तेरा वर्षांची होती. आम्ही दोघांनीं तो तुकडा एकत्र पाहिला. ती हंसली नाहीं. थोड्या वेळानें तिनें विचारलें, "आजोबा, हिला परत केव्हां पाठवतात?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. रात्रीं मात्र एक जुनी गोष्ट आठवली. भरताच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायी भाव सांगितले आहेत. त्यांत शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा येतात. रायलीच्या घरचीं चार जुनीं माणसें तीं हींच. त्यांखेरीज भरतानें तेहतीस व्यभिचारी अथवा संचारी भाव सांगितले आहेत. संचारी म्हणजे येणारे-जाणारे. त्यांत चिंता आहे, असूया आहे, व्रीडा म्हणजे लाजही आहे. चित्रपटांत चिंतेच्या पाठोपाठ येणाऱ्या पाहुण्यांत मत्सर आणि संकोच आहेतच. आणि मौज ही कीं, ज्या आनंदास रायलीच्या घरीं सर्वांचें पुढारपण दिलें आहे, तो हर्षदेखील भरताच्या यादींत पाहुणाच आहे!

म्हणजे प्रश्न पाहुणा आला हा नाहीं. त्यानें बिछाना कायमचा पसरला, तरच अडचण.

येथें एक खुलासा केला पाहिजे. मस्तकांत कोणी माणसें बसलेलीं नसतात. हें रूपक आहे. तसेंच चिंता किंवा लाज एका रात्रींत उपजत नाहीं. लहान मुलांतही तीं दिसतात. मग वयाच्या या टप्प्यावर नवें काय घडतें? भीतीला समोर कांहीं दिसावें लागतें: कुत्रा, अंधार, गुरुजींची छडी. चिंतेला समोर कांहींच लागत नाहीं. जें अजून घडलें नाहीं तें ती घडलेलें पाहते. उद्यांचा विचार करण्याची आणि दुसरा आपणांस कसा पाहत असेल हें कल्पिण्याची शक्ति या वयांत झपाट्यानें वाढते. त्याच शक्तीच्या पावलांनीं चिंताही आंत येते. ती बुद्धीची वैरीण नव्हे, तिची नात्यांतलीच आहे.

हें मला पूर्वीं कळावयास हवें होतें. मी सातवीला शिकवीत असतां वर्गांत एक हुशार मुलगी होती. परीक्षा जवळ आली कीं तिचें पोट दुखे. मी तें ढोंग समजलों. "कसली चिंता करतेस? धीट हो!" असें सर्व वर्गादेखत तिला बोललों. पुढच्या वर्षीं तिचें नांव पटावर नव्हतें. त्याचें कारण माझें तें वाक्यच, असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या पोटदुखीमागें काय आहे, हें मीं तिला कधीं विचारलें नाहीं, एवढें खरें.

म्हणून दुसऱ्या दिवशीं नातीला मीं उपदेश केला नाहीं. एवढेंच विचारलें, "तुझ्याकडे असें कोणी आलें आहे काय? सामान काय काय आणलें आहे?" ती प्रथम गप्प राहिली, मग एकेक गांठोडें सोडूं लागली. मैत्रिणी दुसऱ्या तुकडींत गेल्या होत्या. डबा खातांना शेजारीं कोणी बसत नव्हतें. गणितांत मागें पडल्याचें तिनें आईपासून लपविलें होतें. गणिताचा उपाय माझ्या हातीं होता. बाकीचें सामान मला उचलतां आलें नाहीं. पण तें उघडून पाहिल्यावर तिला तें पहिल्याइतकें जड वाटेना.

जून २०२४ मध्यें चित्रपट प्रकाशित झाला आणि त्या वर्षीं जगांत सर्वाधिक उत्पन्न त्यानेंच मिळविलें. त्याच्या शेवटीं चिंतेला कोणी घराबाहेर घालवीत नाहीं. तिला एका खुर्चीवर बसवून चहा देतात, आणि कळफळा मात्र तिच्या एकटीच्या हातीं राहूं देत नाहींत. नातीच्या प्रश्नाचें उत्तर मला तेथें मिळालें.

आपल्या घरीं या वयाचें मूल असेल, तर 'चिंता करूं नको' हें वाक्य आपण कांहीं दिवस बाजूस ठेवावें. त्यानें चिंता जात नाहीं. मूल तेवढें ती आपल्यापासून लपवूं लागतें. त्यापेक्षां त्याच्याजवळ बसावें, आणि सामान काय आणलें आहे तें विचारावें.