पडद्यावरील विध्वंस : साधनाची निवड

पडद्यावर इमारत कोसळते, तेव्हा तिचा प्रत्येक तुकडा कलावंत हाताने हलवीत नाही. त्रिमितीय ॲनिमेशनच्या मूळ सॉफ्टवेअरला जोडलेला पूरक कार्यक्रम, म्हणजेच प्लगइन, हे काम गणिताच्या आधारे करतो.

तो निवडताना प्रथम पदार्थाचा विचार व्हावा. काच, दगड, काँक्रीट यांचे तुकडे होतात. त्यासाठी ‘थ्रीडीएस मॅक्स’वर चालणारे ‘रेफायर’ किंवा ‘माया’साठीही मिळणारे ‘पुलडाउनइट’ उपयोगी पडते. लाकूड व धातू मात्र तुटण्यापूर्वी वाकतात. हे वाकणे गणिताने दाखविणाऱ्या ‘डिजिटल मॉलिक्युलर मॅटर’च्या विकासाचा ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१५ साली तांत्रिक पुरस्काराने गौरव केला.

दुसरी बाब जुळणीची. प्लगइन आपल्या सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीवर चालतो काय, हे खरेदीपूर्वीच तपासावे. अन्यथा खर्च वाया जातो. तुकडे वाढतात तसा संगणकावरील भारही वाढतो, हेही ध्यानी घ्यावे.

शिक्षणसंस्थांनी आरंभ विनामूल्य ‘ब्लेंडर’ व त्याच्या ‘सेल फ्रॅक्चर’पासून करावा. काय मोडावयाचे व ते कसे मोडते, हे विद्यार्थ्यास उमगल्यानंतर केलेला खर्चच सार्थकी लागतो.