अनोळखी माणसाचा राम राम

खामगावहून शेगावास जाणाऱ्या एस.टी.त शेजारी येऊन बसलेला अपरिचित इसम पिशवी मांडीवर घेऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच 'राम राम भाऊ' म्हणतो आणि लगोलग 'कोण्या गावचे?' अशी चौकशी आरंभतो, हा बुलडाणा जिल्ह्यातील प्रवासाचा जुना शिरस्ता होय. आणि त्यात आगंतुकपणा पाहणाऱ्या शहरी गृहस्थांनी निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर या संशोधकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. शिकागोच्या गाड्यांत अनोळखी सहप्रवाशाशी बोलणाऱ्यांचा प्रवास मौन धरणाऱ्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला; मजा अशी की, आधी विचारले असता लोकांनी नेमके उलट भाकीत केले होते.

तथापि या चौकशीस दुसरीही बाजू आहे. गावामागून आडनाव आणि आडनावामागून जात, असा तिचा ओघ पुष्कळदा वाहतो. आपल्याकडे अभिवादनही दीर्घकाळ पायरी पाहून होत असे. ज्यांच्या वाडवडिलांना गावाच्या पांढरीत पाऊल टाकताच 'जोहार मायबाप' म्हणावे लागे, त्यांनी पुढे 'जय भीम' म्हणून ताठ मानेने समोरच्याकडे पाहिले, हे केवळ शब्दांतर नव्हते. सिंदखेडराजाच्या परिसरात 'जय जिजाऊ', सैलानीच्या दर्ग्याच्या वाटेवर 'सलाम', असे प्रत्येकाचे अभिवादन आज स्वाभिमानाचे आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्यावरून समोरचा कोणाचा, हा हिशेब क्षणात होतो, हेही नाकारता येत नाही.

म्हणूनच शेगावचा परिपाठ मला विशेष वाटतो. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज जेथे प्रथम दृष्टीस पडले, त्या गावी त्यांच्या संस्थानात आज शुभ्र वेषातील सेवाधारी, वेतनाची अपेक्षा न धरता, येणाऱ्या प्रत्येकास 'माऊली' म्हणतो. चिखलाने माखलेली वहाण दोन्ही हातांनी उचलून घेताना तो हेच म्हणतो, रांगेत धक्काबुक्की करणाऱ्यालाही 'माऊली, सावकाश' असेच विनवतो. आणि गंमत म्हणजे, असे संबोधन कानी पडताच तो दांडगा इसमही थोडा ओशाळतो. हा वारकऱ्यांचा वारसा होय: पंढरीच्या वाटेवर वय, जात, हुद्दा न पाहता परस्परांच्या पाया पडण्याचा रिवाज त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. दर वर्षी शेगावची पालखी पायी पंढरपुरास निघते, तेव्हा वाटेवरच्या गावांतील लोक पाण्याचे तांबे घेऊन उभे असतात आणि कोणास पाणी द्यावे याची चौकशी करीत नाहीत.

एवढीच सवय संस्थानच्या आवाराबाहेर, तहसील कचेरीच्या खिडकीपाशी आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत, आपण सर्वांनी मिळून रुजवावी.