नवव्या ओळीचं वळण

भाईंदरला काही वर्षांपूर्वी एक कविसंमेलन होतं. माझं नाव पुकारताना सूत्रसंचालक म्हणाले, "आता भाईजान आपल्याला एक झकास गझल ऐकवतील." माझ्या हातातल्या कागदावर सुनीत होतं. गझल मी लिहीत नाही असं नाही. पण मुसलमान कवी म्हटला की गझल, हे समीकरण लोकांच्या मनात इतकं पक्कं आहे, की कागद बदलावा की काय असं मला क्षणभर वाटून गेलं. बदलला नाही. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आज बोलायचंय ते या सुनीताबद्दल, म्हणजे इंग्रजीतल्या सॉनेटबद्दल. आपल्याकडे येताना त्यानं काय बरोबर आणलं आणि काय वाटेत टाकलं, याबद्दल.

सॉनेट मुळात इंग्रजांचंही नाही. तेराव्या शतकात ते सिसिलीच्या दरबारात जन्मलं आणि चौदाव्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीनं त्याला नाव मिळवून दिलं. चौदा ओळी, त्यातल्या पहिल्या आठ एका बाजूला, उरलेल्या सहा दुसऱ्या बाजूला. आठ ओळींत एक गोष्ट मांडायची आणि नवव्या ओळीला मान वळवायची. ही मान वळवणं म्हणजेच सॉनेटचा जीव. चौदा ओळी कुणीही मोजून लिहील.

आठव्या हेन्रीच्या दरबारातला थॉमस वायट हा कवी राजाच्या कामासाठी इटलीला जाऊन आला आणि त्यानं हा प्रकार इंग्रजीत आणला. पण एक अडचण होती. पेत्रार्कच्या पहिल्या आठ ओळींत फक्त दोन यमकं, चार चार वेळा यायची. इटालियन शब्द बहुतेक स्वरांत संपतात, तिथे यमकांना तोटा नाही. इंग्रजीत मात्र यमकांचा दुष्काळ. मग सरेच्या अर्लनं तोड काढली: चार-चार ओळींची तीन कडवी, प्रत्येकाची यमकं वेगळी, आणि शेवटी दोन ओळींची जोडी. या सरेचं डोकं हेन्रीनं १५४७ साली उडवलं, तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. दोघांच्या कविता १५५७ मध्ये एका संग्रहात छापून आल्या. शेक्सपिअरची १५४ सॉनेट १६०९ मध्ये प्रसिद्ध झाली ती सरेच्याच साच्यात, म्हणून त्या साच्याला आज शेक्सपिअरचं नाव आहे. निर्माता मागे पडला. असं होतंच.

आता कोकणात येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातलं मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुतांचं गाव. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, तुटपुंज्या पगारावर मास्तरकी करणारा हा माणूस. मी बी. ए. आहे हे त्यांच्यापुढे सांगायला संकोच वाटतो. इंग्रजी कविता त्यांनी मन लावून वाचली, काहींची रूपांतरं केली, आणि १८९२ साली मराठीतलं पहिलं सुनीत लिहिलं. 'सुनीत' हे नाव नंतर, रविकिरण मंडळाच्या काळात रूढ झालं. या पहिल्या सुनीताचं शीर्षक आहे 'मयूरासन आणि ताजमहाल'.

जरा थांबून बघा. घाट इटलीचा, इंग्लंडमार्गे आलेला. कवी मालगुंडचा. आणि विषय शाहजहानच्या दोन निर्मिती! त्यातलं मयूरासन नादिरशहानं १७३९ मध्ये दिल्लीहून लुटून नेलं. ताजमहाल अजून यमुनेकाठी उभा आहे. दोन वस्तू शेजारी ठेवून तोलायच्या असतील तर मधोमध वळण असलेल्या या घाटाइतका सोयीचा घाट नाही. केशवसुतांना काय उसनं घ्यायचं ते बरोबर कळलं होतं.

काय घेता येणार नाही, तेही. इंग्रजी ओळीचं वजन आघातावर चालतं. 'प्रेझेंट' हा शब्द घ्या. जोर सुरुवातीला दिला तर भेटवस्तू, शेवटी दिला तर सादर करणं. मराठीत 'पुस्तक' शब्दाच्या पोटावर जोर द्या की शेपटीवर, पुस्तक पुस्तकच राहतं. इंग्रजी सॉनेटची ओळ म्हणजे हलका-जड, हलका-जड अशा पाच जोड्या, दहा अक्षरांची. हा ठेका मराठी कानाला लागतच नाही, कारण आपण अक्षराचा जोर मोजत नाही, अक्षराला लागणारा वेळ मोजतो. लघु आणि गुरू. (रेडिओवर इथे मी टेबलावर ठेका धरून दाखवला होता. वाचकांनी तेवढं घरच्या टेबलावर करून घ्यावं.)

म्हणून मराठी सुनीतानं इंग्रजी वजन सोडून दिलं आणि संस्कृत वृत्तं घेतली, त्यातही शार्दूलविक्रीडित फार. त्याच्या ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. हिशेब करा: इंग्रजी सॉनेटमध्ये साधारण १४० अक्षरं, शार्दूलविक्रीडितातल्या सुनीतात २६६. जवळजवळ दुप्पट. मला वाटतं, मराठी सुनीत पुष्कळदा भाषण केल्यासारखं वाटतं त्याचं कारण इथे आहे. ओळ लांब, मग ती भरायला विशेषणं आणा, मग विशेषणांना शोभतील असे समास आणा! पुढे विंदा करंदीकरांनी 'मुक्त सुनीत' लिहून हा अंगरखा सैल केला. ते इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे इथे आठवलं पाहिजे.

गझलेचं नेमकं उलट झालं. फारसी बहरसुद्धा लघु-गुरूवरच चालते. फऊलुन, फऊलुन, फऊलुन, फऊलुन म्हणजे आपलं भुजंगप्रयात. मी एक ओळ करून दाखवतो:

मिठाच्या ढिगाशी उभी एक होडी

मि-ठा-च्या, ढि-गा-शी, उ-भी-ए, क-हो-डी. एक लघु, दोन गुरू, चार वेळा. पंडितानं ऐकली तर तो भुजंगप्रयात म्हणेल, उस्तादानं ऐकली तर मुतकारिब म्हणेल. होडी भाईंदरच्या खाडीतलीच.

ही गोष्ट मराठीत नीट मांडली ती माधव जूलियनांनी. माधव त्रिंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. त्यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथावर मुंबई विद्यापीठानं १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. दिली. उमर खय्याम त्यांनी एकदा मूळ फारसीवरून मराठीत आणला आणि एकदा फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. म्हणजे दोन्ही दरवाजांतून आत जाऊन आलेला माणूस. सुनीतंही लिहिली, गझलाही. पण त्यांच्या गझलेत वजन आलं, शेरांचा सुटेपणा फारसा आला नाही; तो रुजवला पुढे सुरेश भटांनी. सुनीताचं वळण आलं, वजन नाही. गझलेचं वजन आलं, वळणं मागाहून.

माधव जूलियनांची एक गोष्ट मला खुपते. ज्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि मराठीतले फारसी-अरबी शब्द वेचून काढायला लागले. मी ते वाचलं तेव्हा घरातलंच कुणीतरी आपलं ताट वेगळं मांडतंय असं वाटलं. शब्द वेचता आले. बहर कशी वेचणार? ती भुजंगप्रयात होऊन बसली होती.

आता माझं सुनीत. माझे अब्बा जहाजावर खलाशी. निवृत्त झाल्यावर मीरा रोडच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. समोर इमारत, तिच्यामागे इमारत. तरी पहाटे फजरच्या आधी उठून ते खिडकीच्या गजांतून ओलं बोट बाहेर काढायचे. वारा कुठला आहे ते बघायला. ते गेल्यावर मी आधी गझलच लिहायला बसलो. पाच शेर झाले. एकात समुद्र, एकात खिडकी, एकात कबर. प्रत्येक शेर आपापल्या जागी बरा होता, पण एकातून दुसऱ्यात जायला वाट नव्हती, आणि मला तर ती वाटच लिहायची होती.

मग सुनीत घेतलं. आठ ओळी आठवड्यात झाल्या: अब्बा, खिडकी, बोट, वारा. नवव्या ओळीवर चार महिने अडलो. 'आता ते नाहीत' असं लिहायचो आणि खोडायचो. ते वळण नव्हे, ती बातमी झाली. एका पहाटे पाणी प्यायला उठलो आणि लक्षात आलं, माझं ओलं बोट खिडकीबाहेर आहे. केव्हा काढलं ते कळलं नव्हतं. आठ ओळी 'ते' होते, नवव्या ओळीला 'मी' आलो. उरलेल्या पाच ओळी फजरच्या अजानपर्यंत झाल्या.

तेच सुनीत त्या संमेलनात वाचलं. टाळ्या बेताच्या, पण मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि काही न बोलता पुन्हा बसला. सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला.

"वा भाईजान," ते म्हणाले, "काय गझल होती!"