बहिणीच्या अहवालाने ख्रिसला सावध केले

समोरची खेळाडू चिडो की प्रेक्षक ओरडोत, ख्रिस एव्हर्टच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे. बेसलाइनवर उभे राहायचे, दोन्ही हातांनी बॅकहँड मारायचा आणि प्रतिस्पर्ध्याची चूक होईपर्यंत चेंडू परतवत राहायचे. या चिवट खेळावर तिने एकेरीची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली, त्यात फ्रेंच स्पर्धेची सात. आयुष्यात सगळे आपल्या हातात असण्याची तिला सवय होती, असे तीच सांगते.

तिची धाकटी बहीण जीन हीसुद्धा व्यावसायिक टेनिस खेळलेली. २०१७ मध्ये दोघी विमान गाठण्यासाठी धावत असताना जीनला दम लागला. उभे तारुण्य कोर्टवर घालवलेल्या बाईला तेवढ्याने दम लागावा, हे खटकण्यासारखेच होते. तपासणीत अंडाशयाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. फेब्रुवारी २०२०मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी ती गेली.

जीनची जनुकीय तपासणी झाली होती. तिच्या ‘बीआरसीए-१’ या जनुकात एक बदल दिसला होता. पण तो घातक की निरुपद्रवी, हे त्या वेळी ठरवता येत नव्हते. अशा बदलांवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा पडतो. पुढे अनेक रुग्णांची माहिती जमत जाते, तसा हा शेरा बदलू शकतो. जीनच्या बाबतीत तो बदलला, पण तिच्या मृत्यूनंतर. तो बदल घातक असल्याचे कुटुंबाला कळवण्यात आले. ख्रिसने तपासणी केली, तर तोच बदल तिच्यातही!

तिला कसलाही त्रास नव्हता. तरीही डिसेंबर २०२१मध्ये तिने गर्भाशय, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या. शस्त्रक्रिया खबरदारीची होती. पण काढलेल्या भागाच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. आजार पहिल्याच टप्प्यात होता. पुढे केमोथेरपीची सहा सत्रे झाली आणि नंतर खबरदारी म्हणून दोन्ही स्तनही काढले.

हा आजार लवकर सापडणे दुर्मीळ, कारण सरसकट सगळ्या स्त्रियांसाठी उपयोगी पडेल अशी चाचणी अजून नाही. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही लक्षणे इतकी रोजची की ती ‘गॅसेस’च्या नावावर खपतात. ती काही आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. घरात कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. ही चौकशी माहेरच्या दोन्ही बाजूंची हवी. सदोष जनुक वडिलांकडूनही येते आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे आत्या कशाने गेली हे विचारले, तर ‘पोटाचे काहीतरी होते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, ही खरी अडचण.

ख्रिसने मात्र काही झाकले नाही. केमोथेरपीला आपले शरीर कसा प्रतिसाद देईल याची कल्पना नाही, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकले. कुटुंबाचा आरोग्य-इतिहास माहीत करून घ्या, हे ती जाहीरपणे सांगत राहिली. जीनमुळेच आपण वाचलो, असे ती मानते. जिच्याशी ती ८० सामने खेळली आणि त्यातले ४३ हरली, ती मार्टिना नवरातिलोव्हाही याच काळात घसा आणि स्तनाच्या कर्करोगाशी झगडत होती. एकेकाळच्या या प्रतिस्पर्धी आजारपणात एकमेकींचा आधार झाल्या.

डिसेंबर २०२३मध्ये ख्रिसचा आजार उलटल्याचे नियमित तपासणीत दिसले. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी. पुढच्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे समालोचन तिने सोडले आणि उपचार घेतले.