दोन चाकांवर (भाग ७) : मागचा टायर किती रुंद?

मागच्या आठवड्यात टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिकलो. 150/60 R17 म्हणजे रुंदी 150 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 60 टक्के, बांधणी रेडियल आणि रिम 17 इंची. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: दीडशेच्या जागी एकशेसाठ बसेल का?

बसेल. बसवून देणारेही गल्लोगल्ली आहेत. पण हा निर्णय टायरवाल्याने घ्यायचा नसतो आणि खरं तर आपणही नाही. तो रिमने आधीच घेतलेला असतो. मागच्या चाकाची रिम पुसून नीट बघा, त्यावर MT4.00 असं काहीतरी उमटवलेलं सापडेल. ती रिमची आतली रुंदी, इंचांत.

केटीएम ड्यूक 390चं उदाहरण घेऊ, कारण हा मोह तिथे सर्वांत जास्त. कंपनीचा टायर 150/60, रिम 4 इंची, जोडी चपखल. 160/60चं माप मात्र साडेचार इंची रिमवर धरलेलं असतं आणि चार इंच ही त्याची अगदी खालची मर्यादा. रिम अर्धा इंच अरुंद मिळाली की टायर साधारण 5 मिलिमीटर आकसतो. म्हणजे पैसे दहा मिलिमीटरचे मोजले, पदरात पडले पाच.

तेवढ्यावर भागत नाही. टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या गेल्यामुळे त्याचा माथा टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद, आणि गाडी कितीही झोपवली तरी कडेचं रबर कोरंच. ताम्हिणीतून परतल्यावर चहाच्या टपरीवर एकमेकांच्या चिकन स्ट्रिप, म्हणजे कडेच्या कोऱ्या पट्ट्या, मोजणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. शिवाय टायरचा व्यास 612वरून 624 मिलिमीटर होतो. मागचा आस 6 मिलिमीटर वर जातो आणि गिअरिंग दोन टक्क्यांनी लांबतं. पिकअप किंचित मंदावतो, दोष बिचाऱ्या क्लचला.

‘पण जाड टायरला पकड जास्त असते ना?’ रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. ते जेमतेम तळहाताएवढं असतं. रुंदी वाढवली की त्याचा आकार बदलतो, आडवा पसरतो. वळणावर तर रुंद टायर उलट किंमत मागतो. गाडी झुकली की टेकण्याची जागा मधून कडेकडे सरकते, आणि टायर जितका रुंद तितकी जास्त. म्हणून तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी अधिक झोपवावी लागते. 2012 ते 2023 या काळात मोटो3च्या शर्यती डनलॉपच्या 115/75 मापाच्या मागच्या टायरवर झाल्या आणि त्या गाड्या ताशी दोनशेच्या कितीतरी वर पळत होत्या. लिटर-बाइकला (हजार सीसीच्या गाडीला) 190 लागतो तो दीड-दोनशे अश्वशक्तीची ओढ आणि तिची उष्णता पचवायला. चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीला ती गरज नाही.

मग कंपन्या टायर रुंद करत नाहीत का? करतात की. यामाहाची आर15 2008 साली आली तेव्हा मागे 100/80 होता, आणि त्या काटकुळ्या टायरवरून तिची थट्टा रास्तच होती. 2011च्या दुसऱ्या आवृत्तीत 130/70 आला, पण त्याच्यासोबत रुंद रिम आणि नवा अॅल्युमिनियमचा स्विंगआर्मही आला. नुसता टायर बदलणाऱ्यांनी ही अर्धी गोष्ट ऐकलेलीच नसते.

एक माप वर जाणं काही वेळा रास्त असतं. रिम साडेतीन इंची असेल तर 130/70च्या जागी 140/70 त्या टायरच्या मर्यादेत बसतो. आणि 190/50 वाल्यांना मी 190/55 बघायला जरूर सांगेन: रुंदी तीच, बाजू साडेनऊ मिलिमीटर उंच, त्यामुळे माथा अधिक गोल आणि झुकल्यावर वापरायला रबर जास्त. मागची बाजू वर उचलली जाते, गाडी वळणात पटकन शिरते. ते सवयीने जमतं.

बाकीच्यांनी मूळ मापच ठेवावं आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरात घालावेत. त्याच 150/60मध्ये मऊ रबराचा रेडियल घेतला तर ओल्या घाटात फरक पहिल्याच वळणाला कळतो. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको: 66 असेल तर 300 किलो भार, आणि त्यापुढचा H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. टायर बनवल्याची चार आकडी तारीखही बघा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा.

तरीही रुंदच हवा असेल, तर पैसे देण्याआधी चाक दुकानातच हाताने फिरवून बघा. डाव्या बाजूला चेन आणि टायर यांच्यात बोट सहज जातंय का? स्विंगआर्मच्या सांध्यापाशी? हगरच्या (चाकालगतच्या मडगार्डच्या) आत? चेन नवी असताना चाक सर्वांत पुढे असतं, जागा तेव्हाच सर्वांत कमी उरते. शिवाय वेगात टायर थोडा फुगतो. उभ्या गाडीत नुसता कागद सरकतोय, तर तो टायर उतरवायला सांगा.

पुढच्या भागात हवेचा दाब.