नाटक नागपूरचं, पडदा मुंबईचा

१९६५ साली नागपुरात एक तरुण सिनेमाला निघाला. तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून तो नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी तो तेच नाटक पुन्हा बघायला गेला आणि नाटकंच लिहायची असं ठरवून परतला. हे महेश एलकुंचवार. १९६७मध्ये त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली आणि पुढे विजया मेहतांनीच ‘रंगायन’तर्फे त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या.

नागपूरच्या नाटकाचं वैभव आणि दुखणं, दोन्ही या एका हकिकतीत आहे. लिहिणारा इथला, पण उभं करणारी संस्था मुंबईची.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं तरी वेगळं काय झालं? मास्तरांनी नागपुरात ‘रंजन कला मंदिर’ काढलं आणि इथली हौशी पोरं घडवली. पण त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ गाजलं ते प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदे’मुळे. १९६७च्या डिसेंबरात त्याचा पहिला प्रयोग झाला. खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, शिक्षणाने नागपूरचे. म्हणजे लेखक वैदर्भीय, गवई वैदर्भीय, अन् निर्मिती मुंबईची! वसंतरावांच्या नावाचं सभागृह आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

१९८५मध्ये आलेलं एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ तर विदर्भाच्या मातीशिवाय सुचलंच नसतं. धरणगावकर देशपांड्यांचा खचत चाललेला वाडा, तात्याजींच्या तेराव्यासाठी पैसा कुठून आणायचा ही विवंचना, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाशी होणारी धुसफूस. असे वाडे गावोगाव होते. तरी त्याचं दिग्दर्शनही विजया मेहतांनीच केलं.

मोठ्या शहराच्या सावलीतलं शहर दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकतं. अमेरिकेत नाटक म्हणजे न्यूयॉर्कचं ब्रॉडवे. पण शिकागोच्या ‘स्टेपनवुल्फ’ या नाट्यसंस्थेने आपलं नाटक तिथे नेलं, १९९०मध्ये टोनी पुरस्कार पटकावला आणि बिऱ्हाड मात्र शिकागोतच ठेवलं. नागपूरकडे जागांची वानवा नाही. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्याने खापरीला मेट्रो धरली आणि सीताबर्डीला बदलली, की पुढचंच स्टेशन झाशी राणी चौक. विदर्भ साहित्य संघाचं धनवटे रंगमंदिर याच चौकात. कमी आहे ती स्वतःच्या हिमतीवर नाटक चालवणाऱ्या व्यावसायिक संस्थांची.

अशा संस्था पूर्वेला झाडीपट्टीत आहेत! धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटकं रंगतात. कंपन्यांचा मुक्काम वडशाला; प्रयोग तिथेच ठरतात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असोत की मंडईची जत्रा, तिकीट काढून माणसं पहाटेपर्यंत बसतात. गाणी, विनोद, रडारड सगळं भरपूर; शहरी समीक्षकांनी त्याला फार काळ नाक मुरडलं, हा अन्यायच. २०२३मध्ये या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईने तिकडे वळून पाहिलं.

नागपूरच्या नाट्यसंस्थांनी हिशेब शिकावा तो वडशाच्या कंपन्यांकडून. प्रेक्षक कसा बांधून ठेवायचा, पेटी-तबलेवाल्यांसकट सगळ्यांचं मानधन तिकिटांतून कसं काढायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.